सिंथेटिक ऑइल : मुदत कोणी ठरवायची?

नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत सिंथेटिक इंजिन ऑइल आता सर्रास मिळते. भाव साध्या ऑइलपेक्षा बराच जास्त. मग ते किती कि.मी.ला बदलावे? गिऱ्हाईक म्हणते, महाग आहे, दुप्पट चालेल. काही मेकॅनिक जुन्या सवयीने दर ३००० कि.मी.ला बदलायला सांगतात. आमच्या मते दोन्ही चूक.

सिंथेटिक ऑइल उष्णतेने लवकर खराब होत नाही, हे खरे. पण धूळ, काजळी, पेट्रोलचा अंश व पाणी त्यातही साचतेच. एक्सप्रेस-वेवर सलग धावणारी मोटार आणि स्वारगेटच्या गर्दीत दोन-तीन कि.मी.च्या फेऱ्या मारणारी मोटार, यांचे ऑइल सारखे टिकणार नाही. बहुतेक मोटारसायकलींत तर इंजिन, क्लच व गिअर यांना एकच ऑइल असते. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले कि.मी. किंवा महिने, जे आधी भरेल ते, हीच मर्यादा समजावी. खडतर वापरासाठी अनेक पुस्तिकांत कमी मुदत दिलेली असते, तीही पाहावी.

आपले अनेक तरुण गॅरेजच्या धंद्यात आहेत. दुरुस्तीला आलेली गाडी ही अमानत आहे. गरज नसताना ऑइल बदलून केलेल्या कमाईत बरकत नाही. त्यापेक्षा मजुरी योग्य व उघडपणे घ्यावी. सीलबंद डबा गिऱ्हाइकासमोर फोडावा. काढलेले ऑइल गटारात न ओतता २०१६ च्या नियमांप्रमाणे अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे. आणि पुढील बदलाचे कि.मी. व तारीख बिलावर लिहून द्यावी.