दोष अटेंडंटचा नव्हे, अपुऱ्या अवजारांचा

दात काढायला गेलेला माणूस जीव गमावून बसला, तर त्याला आम्ही नशीब म्हणणार नाही. तमिळनाडूत वाणियंबाडीला २०२३ साली एका दंत दवाखान्यातून मेलिओइडोसिसचे जंतू दहा रुग्णांच्या मेंदूपर्यंत पोचले, आठ दगावले. सलाईनची बाटली निर्जंतुक न केलेल्या अवजाराने उघडत आणि उरलेले सलाईन पुढच्या रुग्णाला वापरत.

अवजारे नुसती उकळून भागत नाही. काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात. आधी रक्त-लाळ घासून काढायची, मग ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला निदान १५ मिनिटे, गुंडाळलेली असल्यास त्याहून जास्त. ड्रिलचा हँडपीससुद्धा! तो स्पिरिटने पुसून पुढच्या तोंडात घालणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जगतो.

धुणे, तापवणे, वाळवणे यात तास सहज जातो. बाहेर चाळीस रुग्ण आणि आत अवजारांचे चार संच असतील, तर अटेंडंटने काय करावे? मेमो मात्र त्यालाच! शिवाय धुताना टोचते त्यालाच. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तो हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. कंत्राटी कामगार त्यातून सुटत नाही.

रेल्वेतील साथींनी पी.एन.एम.च्या बैठकीत, टपालातील साथींनी आपल्या दवाखान्याच्या प्रमुखाकडे तीन आकडे लेखी मागावेत: रोजचे दंतरुग्ण किती, संच किती, लस घेतलेले अटेंडंट किती.