पॅक कधी म्हणायचं?

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी दीडचा सुमार, जेवून नुकताच आडवा झालो होतो आणि फोन वाजला. धाकट्या बहिणीचा नातू, टोरांटोहून. मनात घड्याळाचा हिशेब केला, तिकडे रात्रीचे तीन वाजलेले. या वयात पहिला विचार वाईटच येतो.

"आजोबा, झोपला नव्हता ना? एक विचारायचं होतं. पण आईला सांगणार नसाल तरच."

हे वाक्य मी नोकरीच्या छत्तीस वर्षांत इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय की ते कानावर पडताच झोप उडाली. म्हटलं, "बोल."

(पुढचं सगळं त्याला विचारून लिहितोय. त्याच्या आईला आता सगळं ठाऊक आहे. नाव घालत नाही, पण आमच्या गोतावळ्यातल्या मंडळींना ओळखू येईलच. येऊ दे. निदान ऐकीव गोष्टींवर चर्चा करण्यापेक्षा हे वाचून करा.)

तर पोराने स्वतःला एक आव्हान घालून घेतलं होतं. ऑनलाइन पोकर. सप्टेंबरपासून एका वर्षात ३ लाख डाव खेळायचे आणि वर्षअखेर फायद्यात राहायचं. त्यासाठी साठवलेल्या पैशांतले १०,००० डॉलर बाजूला काढले. वर मित्राशी २,००० डॉलरची पैज, पुरं केलं नाही तर ते द्यायचे. दिवसा नोकरी, रात्री पत्ते. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण तो राहतो तिथे हे कायदेशीर आहे, त्यामुळे पोलिसबिलिसांची भानगड नव्हती. भानगड वेगळीच होती. दीड लाख डाव झाले होते, ६,२०० डॉलर उरले होते आणि पाच महिन्यांत त्याला नीट झोप अशी लागली नव्हती.

"सोडू का?" हा त्याचा प्रश्न. आणि मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य, "पण आजोबा, फिल गॅलफंड ९ लाख युरो मागे होता, त्याने नाही सोडलं."

आता हा गॅलफंड कोण, हे मला कुठून ठाऊक असणार? मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. पत्त्यांशी संबंध म्हणाल तर दिवाळीतली तीन पत्ती, तीही घरच्या घरी. त्याला म्हटलं, "मला आठ दिवस दे. तोवर खेळू नकोस." तो हो म्हणाला. (तीन दिवस खेळला नाही. हेही त्यानेच नंतर सांगितलं.)

मग मी बसलो वाचायला. भाचीच्या मुलीने मदत केली. गोष्ट खरोखर रंजक आहे.

गॅलफंड हा अमेरिकेतला नावाजलेला खेळाडू. 'पॉट लिमिट ओमाहा' नावाचा पोकरचा एक प्रकार आहे, त्यात प्रत्येकाला दोनाऐवजी चार पत्ते मिळतात. पत्ते जास्त म्हणून आशा जास्त, आणि म्हणून पैशांचे चढउतारही फार मोठे. या प्रकारातला तो पहिल्या काही जणांत मोजला जाणारा. 'रन इट वन्स' ही त्याची स्वतःची पोकरची साइट होती, तिचा बोलबाला व्हावा हाही हेतू होताच, म्हणून २०१९ च्या अखेरीस त्याने जाहीर केलं, ज्याला यायचं त्याने यावं आणि माझ्याशी एकट्याने खेळावं. पहिला आला तो 'व्हेनिव्हिडी१९९३' या टोपणनावाचा खेळाडू. २५,००० डाव ठरले, ब्लाइंड १०० आणि २०० युरो. शिवाय वेगळी पैज, गॅलफंड हरला तर त्याने २ लाख युरो द्यायचे, समोरचा हरला तर त्याने १ लाख.

जानेवारी २०२० मध्ये सुरुवात झाली आणि हा आपला हरतच गेला. होता होता ९ लाख युरो मागे. सगळं जगासमोर चाललेलं, हजारो लोक बघताहेत. तेव्हा त्याने खेळ थांबवला. काही दिवस सुट्टी घेतली, सोडून द्यावं का याचा विचार केला आणि मार्चमध्ये परत येऊन बसला. राहिलेल्या डावांत सगळं भरून काढलं. २२ मे रोजी शेवटचा डाव झाला तेव्हा तो १,६७१ युरोंनी पुढे होता.

वा! टाळ्या! मलाही वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. नातवाच्या मित्रमंडळीत ही गोष्ट म्हणजे पोथी झालेली आहे, आणि तिचं तात्पर्य एकच, सोडायचं नाही. मला हे तात्पर्य चुकीचं वाटतं. चुकीचंच नव्हे, घातक वाटतं.

बघा ना. १,६७१ युरो म्हणजे किती? ब्लाइंड २०० चा असताना एकेका डावात याच्या कितीतरी पट रक्कम मध्ये पडायची. शेवटच्या दिवशी एक पत्ता इकडचा तिकडे पडला असता तर हाच गृहस्थ हरला असता, वर २ लाख दिले असते. मग त्याच मंडळींनी काय म्हटलं असतं? "हट्टीपणा नडला." माणूस तोच, निर्णय तोच, अक्कलही तेवढीच. एका पत्त्यावर शूर की मूर्ख ते ठरणार असेल, तर त्या निकालावरून आपण काय शिकायचं?

शिकण्यासारखं आहे ते त्या सुट्टीत. त्या दिवसांत त्याच्यापुढे खरा प्रश्न कोणता होता? ९ लाख गेले, हा नाही. ते गेलेच होते. प्रश्न एवढाच, की उरलेल्या डावांत मी या माणसापेक्षा सरस खेळू शकतो का? सोडलं तर २ लाखांची पैज नक्की गेली, खेळलो तर निदान थोडी आशा, हेही हिशेबात धरण्याजोगं. आणि त्याच्याजवळ स्वतःला सरस समजायला कारण होतं, आयुष्य त्या खेळात गेलेलं. शिवाय २५ हजार डाव हा आकडा त्या खेळात लहानच, नशीब एवढ्यात सहज उलटंपालटं होतं.

नातवाची गोष्ट नेमकी उलटी. दीड लाख डाव म्हणजे काही थोडे नाहीत. प्रत्येक डावातून साइटवाला आपला वाटा काढून घेतो. जुन्या मंडळींना 'नाल' हा शब्द आठवत असेल, अड्ड्यावर घरवाला काढायचा ती. म्हणजे समोरच्यांपेक्षा थोडं बरं खेळून भागत नाही, ती नाल भरून निघेल इतकं बरं खेळावं लागतं. दीड लाख डावांनंतरही ती भरून निघत नसेल, तर दोष नशिबाचा असण्यापेक्षा खेळाचा असण्याचा संभव जास्त. त्यातून रात्री तीनला झोपेत खेळणारा मुलगा. तो गॅलफंड नव्हता, एवढी साधी गोष्ट त्याला कुणी सांगत नव्हतं.

याच गॅलफंडशी नंतर चान्स कॉर्नुथ नावाचा खेळाडू खेळला. ठरलेले डाव पुरे व्हायच्या आधीच त्याने हार मानली आणि मोकळा झाला. त्याची गोष्ट नातवाने मला सांगितली नव्हती. सोडणाऱ्याची गोष्ट सांगतो कोण!

आता थोडं घरचं सांगतो, कारण नातवाला मी पोकर समजावू शकत नव्हतो, ही गोष्ट मात्र सांगू शकत होतो.

२००३ साल. आमच्या सांगोला भागात दुष्काळ. थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, शेती बघायचे. मी नोकरीवर. दादांनी बोअर घ्यायचं ठरवलं. पाणाड्या आला, तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. "दोनशे फुटांच्या आत पाणी," म्हणाला. बोअरचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, पैसे फुटावर असतात आणि जितकं खोल जाल तितका दर वाढतो. गाडी रात्री आली. दोनशे फुटांना नुसता फुफाटा. दादा म्हणाले, अजून पन्नास. मग अजून पन्नास. तीनशेला मी पोचलो. पहाट झाली होती, दादांच्या मिशा, भुवया सगळं पांढरं.

मी म्हटलं, "दादा, बास करू या."

ते म्हणाले, "अरे, पलीकडच्या वस्तीवर तीनशेऐंशीला लागलं. तो तीनशेवर थांबला असता तर?"

हेच ते. हुबेहूब तेच वाक्य बावीस-तेवीस वर्षांनी टोरांटोहून माझ्या कानावर पडलं. शेजाऱ्याला ३८० ला लागलेलं पाणी सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच उन्हाळ्यात ज्यांचे कोरडे गेले त्यांचे आकडे कुणी सांगत नव्हतं, कारण कोरड्या बोअरची फुशारकी कोण मारणार?

माझ्या सौ.च्या पाटल्या त्या बोअरमध्ये गेल्या. तिने स्वतः काढून दिल्या, दादांवर तिची फार माया. चारशेवीस फुटांवर गाडीवाल्यानेच मशीन बंद केलं. दादा त्या दिवसापासून कमी बोलायला लागले. आम्ही दोघांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि मला खरी टोचणी कशाची आहे सांगू? चारशेवीसला थांबलो याची नाही, आणि तीनशेवर थांबलो नाही याचीही नाही. गाडी यायच्या आधी, संध्याकाळी चहा पिताना, आपण किती फुटांपर्यंत जायचं हे आम्ही दोघा भावांनी ठरवलंच नव्हतं. रात्री मशीनच्या आवाजात ते ठरत नसतं.

पोकरवाल्यांतल्या शहाण्यांना हे ठाऊक असतं. क्रिस फर्ग्युसनने २००६ मध्ये शून्यापासून १०,००० डॉलर करून दाखवायचं आव्हान घेतलं होतं, फुकटच्या स्पर्धांपासून सुरुवात. त्याने आधीच नियम लिहून ठेवले होते. जवळच्या एकूण रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊन टेबलावर बसायचं नाही. आणि मला सगळ्यात आवडलेला, जिंकता जिंकता टेबलावरची रक्कम एकूण पैशांच्या १० टक्क्यांवर गेली की उठायचं. जिंकत असताना उठायचं! त्याने १०,००० पुरे केले. (तो 'फुल टिल्ट' या कंपनीच्या संचालकांपैकी होता, २०११ मध्ये ती कोसळली आणि खेळाडूंचे पैसे अडकले. तेव्हा नियम त्याचे घ्यावेत, बाकी राहू द्यावं.)

आणि एक तिसरा प्रकार असतो, तो मला सगळ्यात वाईट वाटतो. टॉम ड्वानने २००९ मध्ये असंच आव्हान दिलं होतं, एकेकाशी ५०,००० डाव. पॅट्रिक अँटोनियसबरोबर ३९,४३६ डाव झाले आणि थांबले. मग डॅनियल केट्सबरोबर १९,३३५ झाले, तेही थांबले. हरलो म्हणून कुणी सांगितलं नाही, सोडलं म्हणूनही नाही. वर्षांमागून वर्षं नुसतं लोंबकळत राहिलं. शाळेत काही मुलं असायची, पहिली पंधरा पानं सुंदर अक्षरात आणि पुढे वही कोरी. विचारलं की म्हणायची, "करतोय सर." 'नाही जमत' म्हणणारा मुलगा मला कधीही परवडायचा, त्याच्याबरोबर बसता यायचं.

आमच्या नातेवाइकांचा या प्रकरणात एकच सूर, "जुगार तो जुगार, लगेच बंद कर." मला तेही पटलं नाही. कुणाच्या दटावणीने सोडलेली गोष्ट माणूस चोरून पुन्हा धरतो. आणि त्याने वर्षभराची शिस्त आखली होती, रोजचा हिशेब लिहीत होता, हे निव्वळ व्यसनाचं लक्षण नव्हे. त्याला फक्त थांबायची जागा आखायची राहून गेली होती.

आठ दिवसांनी मी त्याला एवढंच सांगितलं, "दिवसा, पोट भरलेलं असताना, संगणक बंद करून, कागदावर लिही. किती डॉलर उरले की थांबणार, कोणत्या तारखेला थांबणार, आणि आठवड्यात किती रात्री झोप झाली नाही तर थांबणार. गेलेले ३,८०० त्या कागदावर कुठेही लिहायचे नाहीत." त्याने लिहिलं. ५,००० डॉलर, ३० एप्रिल, दोन रात्री. फोटो मला पाठवला.

पैशांची मर्यादा गाठली गेलीच नाही. ५,६०० वर असताना झोपेची गेली. एका आठवड्यात तीन रात्री जागला आणि रविवारी फोन केला, "आजोबा, पॅक." मित्राचे २,००० दिले. तो मित्र म्हणे घ्यायला तयार नव्हता, याने आग्रहाने दिले. ते मला आवडलं. आईला त्यानेच सांगितलं, ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी लाडवांचं पार्सल पाठवायला पोस्टात गेली.

तो जिंकला असता का पुढे? असता कदाचित. दादांनाही चारशेतीसला पाणी लागलं असतं कदाचित.

दिवाळीला तो येणार आहे, पाच वर्षांनी. सगळ्या काका-मावश्यांना आधीच विनंती करून ठेवतो, "काय रे, सुटलं का पत्त्यांचं वेड?" असं कुणी विचारायचं नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नेहमीप्रमाणे आमच्याकडे तीन पत्ती होईल, चिंचोक्यांवर. प्रत्येकाला पन्नास चिंचोके मिळतील. सौ.ने डबा भरून ठेवलाय.