चावी ग्रामसभेच्या दप्तरात हवी

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर गडचिरोली-चंद्रपुरातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू-तेंदूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. मजुरीच्या याद्या, लिलावाचे ठराव, बँकेचे हिशेब हळूहळू संगणकावर जाऊ लागले आहेत. असा संगणक गावात पोचण्याआधी त्यावर कोणाच्या नावाने काय टाकलं जातं, हे दुकानदारावर सोडून चालणार नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये विंडोजसोबत मुदतीचे अँटिव्हायरस, खेळ आणि जाहिराती भरलेल्या असतात. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकून घ्यावं, हा सल्ला रास्तच आहे. त्यासाठी चोरीची प्रत लागत नाही. विंडोज ८ च्या काळापासून परवान्याचा क्रमांक कंपनीच मदरबोर्डवरच्या चिपमध्ये घालून देते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि नेट जोडलं की ती आपोआप अधिकृत होते. ‘क्रॅक मारून देतो’ म्हणणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

हे काम चंद्रपूर, गडचिरोली किंवा आलापल्लीतच उरकावं. विंडोज ११ ची फाइल पाच जीबीच्या वर जाते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, तिथे ती उतरवायची कशी? होम आवृत्ती तर सुरुवातीलाच नेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर गाडी तिथेच अडते, म्हणून तो लॅपटॉप-कंपनीच्या साइटवरून आधीच वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावा. जुन्या फाइली कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतील तर तो फॉन्टही सोबत न्यावा. नाहीतर ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि फाइल बिघडली समजून कोणीतरी ती पुसून टाकतं.

पण खरा घात खात्यापाशी होतो. गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं, दुकानातला मुलगा स्वतःचाच ईमेल टाकून पुढे जातो. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने विंडोज नव्याने टाकलं की बहुतेक यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि ते कुलूप उघडणारी ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ त्याच खात्यात जमा होते. पुढे मदरबोर्ड बदलला, कधी नुसतं बायोस अपडेट झालं, तरी निळा पडदा येऊन तो आकडा मागतो. तोवर त्या मुलाने नोकरी सोडलेली असते, नंबर बदललेला असतो. आकडा नसेल तर डिस्कवरचा हिशेब मायक्रोसॉफ्टलाही काढून देता येत नाही. जंगलावरचा हक्क मिळवायला ज्या गावाने वर्षानुवर्षं कागद गोळा केले, त्याच्या नोंदी एका परक्या ईमेलवर टांगून ठेवणं हा अन्याय आहे.

ग्रामसभेच्या नावाचा ईमेल आधी काढावा. त्याचा पासवर्ड बँक खात्यावर सह्या करणाऱ्या दोघांकडे असावा आणि ते ४८ आकडे कागदावर उतरवून ठरावाच्या वहीसोबत ठेवावेत. संगणक सरकारी योजनेतून किंवा एखाद्या संस्थेकडून येत असेल, तर पुरवठ्याच्या आदेशातच ही अट लिहावी, आणि तो कागद हाती पडल्याशिवाय ग्रामसभेने पोचपावतीवर सही करू नये.