बाळाची बारा झबली, आणि आईला?

मैत्रिणींनो, सातवा-आठवा महिना लागला की घरोघरी दवाखान्याची पिशवी भरली जाते. ती एकदा उघडून बघा. वर बाळाची डझनभर झबली, टोपडी, दुपटी, आजीच्या सुती लुगड्याची बाळोती. तळाशी आईसाठी दोन विटके, उसवलेले गाऊन. "नंतर टाकूनच द्यायचेत ना!" टाकून का द्यायचे? तर विटाळ. बाळोती जुन्या कापडाची करतात ती मऊ असतात म्हणून. आईच्या जुनेरामागे तेवढाही विचार नसतो.

आपल्या वसई-विरारमध्ये वाडवळ, कुपारी, कोळी, वारली, नालासोपाऱ्याच्या चाळींत देशभरातून आलेल्या बाया, प्रत्येकीच्या चालीरीती निराळ्या. पण पिशवीत काय जाईल हे जिला दवाखान्यात निजायचं तिला कितीदा विचारलं जातं?

तिला काय लागतं ते साधं आहे. बाळाला पहिल्या तासातच छातीशी घ्यायचं, मग रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी पाजायचं. म्हणून गाऊन पुढून उघडणारा, सैल, सुती हवा. पाठीला चेन असलेली मॅक्सी घेऊन दिली, तर भेटीच्या वेळी वॉर्डभर पुरुष असताना तिने करायचं काय? सिझेरियन झालं तर परकराची नाडी नेमकी टाक्यांवर काचते. तेव्हा पोटावर वरपर्यंत येणाऱ्या, मोठ्या मापाच्या निकर हव्यात. (हा शब्द आपल्या सभेतसुद्धा कुजबुजत उच्चारला जातो.) पावसाळ्यात जोड जास्त हवेत, आणि तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्यात होतं, ते आपण विसरलेलो नाही.

"गडद रंगाचेच घे, डाग दिसत नाहीत," हा सल्ला सगळ्याच देतात. धुण्याच्या दृष्टीने ठीक. पण डाग लपवायची सवय बाळंतपणात जिवावर बेतू शकते. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचं एक मोठं कारण आहे. तासाभरात पूर्ण पॅड भिजत असेल तर ताबडतोब नर्सला सांगायचं असतं. चादर खराब झाली म्हणून ओशाळून गप्प पडलेली बाई ते सांगत नाही. तेव्हा गाऊन खुशाल गडद घ्या, पण पॅड पांढरे ठेवा, भरपूर ठेवा, आणि किती बदलले ते मोजायला सोबतच्या बाईलाही सांगा.

२०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, जेवण, गाडी मोफत केली. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिकक्षातल्या खाजगीपणाची आणि सन्मानाची भाषा आहे. आईच्या अंगावरच्या कपड्यांची मात्र फारशी चर्चा होत नाही. महापालिकेच्या प्रसूतिगृहांत पुढून उघडणारे स्वच्छ गाऊन मिळावेत, खाटांना पडदे असावेत, ही मागणी आपल्या गटांनी लेखी द्यायला हवी. ज्या बाईकडे दोनच साड्या आहेत तिला पिशवीचे सल्ले देऊन काय उपयोग?

आणि ज्यांच्या घरी डोहाळेजेवणं होतात त्यांनी यंदा आहेरात दोन सुती गाऊन द्यावेत. हिरवी साडी हौसेने द्या, पण टाके ओले असताना ती काही नेसायची नाही. गाऊनचं माप मात्र तिलाच विचारा.