सनद हाती, खिसा रिता

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनी उद्योगांइतकाच वकिलीचाही चेहरामोहरा पालटला. परकी गुंतवणूक, कंपन्यांची विलीनीकरणे, लवाद आणि २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनंतर कंपनी विधि न्यायाधिकरणांत वाढलेले काम यांच्या बळावर मुंबई-दिल्लीतील लॉ फर्म विस्तारल्या. राष्ट्रीय विधि विद्यापीठांतील हुशार मुलांना पदवी हाती पडण्याआधीच तिथल्या नोकऱ्या खुणावतात. २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परकी फर्मनाही परदेशी कायद्यापुरता सल्ला देण्याची सशर्त मुभा दिली. ही भरभराट स्वागतार्हच. पण तालुका न्यायालयाची पायरी ती अजून चढलेली नाही.

तिथला ज्युनियर आजही सकाळी बोर्ड पाहतो, तारखा घेतो, नकलांचे अर्ज करतो आणि महिनाअखेरीस सिनियर जे देतील ते मुकाट्याने घेतो. अनेकांच्या हाती तेही पडत नाही. ‘काम शिकायला मिळतेय ना?’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. खोलीचे भाडे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्या शिकण्यातून भागत नाही. म्हणून ज्याच्या घरी वडिलांचे ऑफिस आहे तो टिकतो. पहिल्या पिढीतला वकील स्पर्धा परीक्षेकडे नाहीतर एखाद्या बँकेच्या कायदा विभागाकडे वळतो.

या अडचणीची दखल घेतलीच गेली नाही असे नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सनदेसाठी कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा अधिक शुल्क राज्यांच्या बार कौन्सिलना घेता येणार नाही, असे बजावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक काढले. पण ती पडली शिफारस, आणि शिफारशीवर चूल पेटत नाही.

सगळा भार सिनियरवर टाकणेही न्याय्य नव्हे. तालुक्याच्या गावी अनेक सिनियरांचीच कमाई बेताची असते. म्हणूनच सामायिक निधी हवा. वकीलपत्रावर तिकीट लावून कल्याण निधी उभारण्याची पद्धत महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्यापासून रुळलेली आहे. त्याच धर्तीवर मोठ्या व्यापारी दाव्यांत रकमेनुसार चढते तिकीट लावावे, राज्य सरकारने त्यात आपला वाटा घालावा आणि पहिल्या तीन वर्षांचे विद्यावेतन थेट ज्युनियरच्या बँक खात्यात जमा करावे.

हा प्रश्न केवळ वकिलांच्या पोटापाण्याचा नाही. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी भांडणारा शेतकरी आणि पोटगी मागणारी बाई जिल्हा-तालुक्याच्या न्यायालयांतच येतात. तिथली गुणी मुले पैशाअभावी निघून गेली, तर या पक्षकारांची बाजू मांडणार कोण? महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने सरकारकडे सामायिक निधीचा हा प्रस्ताव आता लेखी मांडावा.