बाल्कनीचं भाडं

लाँग वीकेण्ड जवळ आला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या सगळ्या ग्रुप्समध्ये एकच चर्चा. अलिबाग, गणपतीपुळे की थेट गोवा? रिसॉर्टचे फोटो फिरतात आणि लगेच प्रश्न येतो, 'सी-फेसिंग आहे ना? बाल्कनी आहे ना?' बाल्कनी नसली की रूम कॅन्सल!

गंमत म्हणजे हे विचारणाऱ्या बऱ्याच जणांनी स्वतःच्या वन बीएचकेची बाल्कनी काचा लावून कधीच हॉलमध्ये घेतलेली असते.

तर मंडळी, या वेळी ट्रिपला जाल तेव्हा रिसॉर्टचं इंटिरिअर जरा नीट बघा. भिंतीवरचं मासेमारीचं जाळं, शंख-शिंपले, निळे-पांढरे कुशन्स ही झाली सजावट. खरं डिझाईन ठरवतो तो समुद्र. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, पार्टिकल बोर्ड फुगतं, कार्पेट आणि जाड पडदे कुबट वास मारायला लागतात. म्हणून विचार करून केलेल्या खोलीत सागवान, वेत, पितळ आणि सुती कापड दिसतं. पायाखाली टेराकोटा किंवा साधा कोबा. पाहुणा वाळूचे पाय घेऊनच आत येणार ना!

हे हवामानाचं गणित ज्यांना पक्कं जमलं ते आर्किटेक्ट म्हणजे चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५). आपल्या खाडीपलीकडच्या नवी मुंबईच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा. केरळातल्या कोवलमच्या बीच रिसॉर्टमध्ये (१९६९-७४) त्यांनी टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खोल्या बसवल्या आणि खोल्यांना स्वतःची उघडी गच्ची दिली. मग गोव्यात दोना पावलाजवळ 'सिदाद द गोवा' (१९७८-८२) उभं केलं. सिदाद म्हणजे पोर्तुगीजमध्ये शहर. तिथल्या भिंतींवर चक्क खोटी दारं, खिडक्या आणि माणसं रंगवलेली. खरं कुठलं आणि रंगवलेलं कुठलं, क्षणभर कळत नाही. वारा मात्र शंभर टक्के खरा!

कोरियांचं म्हणणं साधं होतं. आपल्या हवेत माणूस दिवसभर चार भिंतींत बसत नाही. सकाळी उघड्यावर, दुपारी सावलीत, संध्याकाळी पुन्हा बाहेर. म्हणून आकाशाखालची मोकळी जागा खोलीइतकीच कामाची.

आता आपल्याकडे वळू. सातव्या मजल्यावर समुद्र नाही, मान्य. पण पावसाळ्यात नैऋत्येचा वारा येतोच की. त्याला आत यायला एक खिडकी आणि बाहेर पडायला समोरची दुसरी लागते. मधे उंच शोकेस उभं केलंत तर तो बिचारा जाणार कुठून? बाल्कनी आत घेतली असेल तरी तोडफोड करायची गरज नाही. स्लायडिंगची काच सरकवा. शू-रॅक, मोडकी सायकल आणि गेल्या दिवाळीचा कंदील हलवा. दोन वेताच्या खुर्च्या, एक सुती पडदा, एखादी तुळस, बस्स. मुलांसाठी ग्रिल हवंच, पण ग्रिल म्हणजे गोडाऊन नव्हे.

तुम्ही म्हणाल, वेळ कुठंय? सकाळी फास्ट पकडायची, रात्री नऊला घरी. अहो, ज्याचे दोन तास डब्यात दुसऱ्याच्या कोपराखाली जातात, त्यालाच तर ही जागा सगळ्यात जास्त हवी! वर्षातून दोन रात्री अंगावर वारा घ्यायला आपण हजारो रुपये मोजतो. घरच्या बाल्कनीचे पैसे तर होमलोनच्या हप्त्यात दर महिन्याला कापलेच जातायत. निदान एक कप चहा तरी तिथे बसून प्या!