जाहीर आवाहन : हसणं थांबवा, तपासणीला आणा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या सर्व गावकऱ्यांना, आणि पोटापाण्यासाठी मुंबई, पुणे, भोसरी, चाकणला राहणाऱ्या त्यांच्या लेकासुनांना व लेकीजावयांना –

गेल्या आठवड्यात आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरला. एसटी स्टँडावर एक बाबा धोतराचा सोगा हातात धरून उभे आहेत. कुठं जायचंय ते त्यांना सांगता येत नाही. मोबाईल धरणारा पोरगा पुन्हा पुन्हा विचारतोय, “बाबा, बायकोचं नाव काय?” बाबा भलतंच नाव सांगतात आणि मागं हशा पिकतो. तो व्हिडिओ पुढं ढकलणाऱ्यांत पदाधिकारी आहेत, मास्तर आहेत, सप्ताहात पहिल्या रांगेत टाळ धरणारे आहेत. बाबा कुणाचे, घरी पोचले का, एवढं एकानंही विचारलं नाही. पोचले. असे पेशंट घरी सांभाळणाऱ्यांच्या आमच्या गटातल्या एका ताईंनी गाव ओळखलं, दोन फोन केले आणि पुतण्याला बोलावून घेतलं. तुम्ही हसत होतात तेव्हा हे काम चाललं होतं, म्हणून सांगितलं.

बाबांना म्हातारचळ लागलेला नाही, आजार झालाय. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्यातला अल्झायमर हा प्रकार १९०६ साली आलोईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडला. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात आणि बहुतेक वेळा सुरुवात आठवण साठवणाऱ्या भागापासून होते. म्हणून सकाळची भाकरी खाल्लेली आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वी बैल कितीला घेतला ते रुपयानिशी आठवतं. याशिवाय बीपी-शुगरनं मेंदूच्या बारीक नसा तुंबूनही असंच होतं. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात.

“आपल्याकडं कुठं असतात असले पेशंट, ही शहरातली फॅडं,” असं एका ग्रामसभेत ऐकवण्यात आलं. ऐका मग. देशपातळीवरचा मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या दर शंभर माणसांत सात-आठ जणांना स्मृतिभ्रंश आहे, देशात मिळून ८८ लाख. शहरात प्रमाण ५.३ टक्के, खेड्यात ८.४. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांत जास्त. म्हणजे नेमकं कोण? डोंगरपट्ट्यात जन्मभर हिरडा गोळा केलेल्या, भातखाचरात वाकून पाठ गेलेल्या आपल्याच आज्या. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या मिळून सव्वासहा लाखांच्या वर होती आणि राज्यात साठीपुढचे जवळपास दहा टक्के. देशाचा सरासरी आकडा लावला तरी साडेचार हजारांच्या वर माणसं होतात, तीही जुन्या लोकसंख्येवर. कुठं आहेत ती? माजघरात आहेत. दाराला बाहेरून कडी आहे.

आता संताप येतो ती गोष्ट. तपासणीचा पहिला प्रश्न सरकारनं आधीच छापलेला आहे! आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात ज्येष्ठांसाठी वेगळा भाग आहे. त्यात सरळ विचारलंय की जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का. ‘हो’ आलं तर डॉक्टरांकडं पाठवायचं. पण होतं काय? आशाताई दारात उभी, आत म्हातारी, आणि मुलगा ओट्यावरूनच सांगतो, “तिला काय झालंय, ठणठणीत आहे, लिहा ‘नाही’.” सोयरिकी अडतील, भावकी नावं ठेवील ही भीती. ताईच्या मागं अजून चाळीस घरं आणि मोबदल्याची रड. ती ‘नाही’ लिहून पुढं जाते. पुढं कधी नेलंच तर डॉक्टर म्हणतात, “वय झालं.” सत्तरीच्या माणसाचं हाड मोडलं तर वय झालं म्हणून प्लास्टर घालायचं सोडता का?

“इलाजच नाही, मग तपासून काय करायचं?” या प्रश्नावर आम्ही यापुढं वेळ घालवणार नाही. एकदाच सांगतो. विसरणाऱ्या प्रत्येकाला अल्झायमर नसतो. बी-१२ कमी असलं, थायरॉईड मंद झालं, सोडियम उतरलं, मनात उदासी बसली, पडल्यानंतर डोक्यात रक्त साकळलं, कानानं ऐकू येईना, दारू, किंवा दहा डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र झाल्या, तरी माणूस असाच भ्रमल्यासारखा वागतो. यातलं बरंचसं उपचारानं सुधारतं. माळकऱ्यांच्या आणि उपासतापासाच्या आपल्या मुलखात बी-१२ तपासून घ्यायचं कुणाच्या लक्षात येत नाही, याला काय म्हणावं? आणि दोन-चार दिवसांत अचानक बडबड, भास, रात्रीचा दिवस सुरू झाला तर तो अल्झायमर नव्हेच. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो, १०८ बोलवा. खरा अल्झायमर निघाला तरी डोनेपेझिल, मेमँटिन यांसारख्या गोळ्या काहींना काही काळ आधार देतात. बरं करत नाहीत. पण आजाराचं नाव कळलं की घरातली मारझोड थांबते, आणि आमच्या लेखी हा मोठा इलाज आहे.

मारझोड हा शब्द विचार करून लिहिलाय.

या आजारातला माणूस वाईट वागत नाही, पण तसं दिसतं. पैसे पिशवीत ठेवतो, विसरतो आणि “सुनेनं चोरले” म्हणतो. जेवण झालेलं आठवत नाही, मग शेजारणीला सांगतो, “दोन दिवस अन्न दिलं नाही.” शेजारीण गावभर करते. यात्रेला मुंबईकर येतात. पाहुणे आले की आजारी माणूस तास-दोन तास हुशारीनं बोलतो. असं होतं, हे डॉक्टरही सांगतात. मोठे दीर म्हणतात, “आई तर माझ्याशी चांगली बोलली, तुम्हालाच सांभाळायची नाहीये.” पालखी झाली, मटण झालं, रविवारी संध्याकाळी गाड्या चाकणच्या ट्रॅफिकला लागल्या. त्या रात्री दोन वाजता आजी पुन्हा उठते, लुगडं फेडते, दार धडकवते, आणि ती ‘वाईट’ सून पुन्हा उठते. सकाळी तिला टोमॅटो तोडायला जायचं असतं. गेली नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. मुंबईकरांनो, महिन्याला दोन हजार पाठवून आईबाप सांभाळल्याचं सांगू नका. वर्षातून आठ दिवस सुट्टी काढा, एकट्यानं रात्री जागा, आणि मग बोला.

आणखी एक. संध्याकाळ झाली की हे लोक “घरी चला” म्हणतात, स्वतःच्याच घरात बसून. डिंभे धरणाच्या बाजूला तर याला वेगळंच दुखणं जोडलंय. ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं ते जुनं आंबेगाव धरणात गेलं. तिथल्या, शेजारच्या बुडालेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांना आठवतं ते तेच घर. ते पाण्याच्या दिशेनं निघतात. त्यांना “गाव बुडालं की हो बाबा” असं दरवेळी सांगू नका. दरवेळी त्यांच्यासाठी ते नव्यानं बुडतं. “जाऊ की, चहा घेऊन जाऊ,” म्हणा, अंगणात फेरी मारून आणा, कोणता वाडा कुठं होता ते विचारा. याला कुणी खोटं बोलणं म्हणेल. म्हणू द्या.

भटकण्याची भीती आपल्याकडं दुप्पट आहे. बाहेर कुकडीचे कालवे, कठडा नसलेल्या विहिरी, पुणे-नाशिक हायवे आणि उसात बिबट्या. अंधार पडल्यावर माणूस दिसेनासा झाला तर सकाळची वाट बघू नका. पोलिसांना ११२ लावा. ‘चोवीस तास थांबा’ असा कोणताही नियम नाही. त्याच मिनिटाला ग्रामसुरक्षा यंत्रणेच्या १८००२७०३६०० वर निरोप सोडा, सगळ्या गावाचे फोन एकदम वाजतात. चोर आणि बिबट्यासाठी आपण ही यंत्रणा वापरतोच, बापासाठी वापरायला लाज कसली?

भगताकडं नेणाऱ्यांना वेगळं सांगतो. बाधा म्हणून चटके देणं, साखळीला बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. यापुढं असं दिसलं तर आम्ही समजूत घालायला येणार नाही, तक्रार द्यायला जाऊ.

आणि जमीन. हायवेलगतच्या गुंठ्याला भाव आल्यापासून कान ऐकत नाही, डोकं चालत नाही अशा माणसांचे अंगठे बक्षीसपत्रावर आणि हक्कसोडीवर उमटायला लागलेत. व्यवहार समजत नसलेल्या माणसाचा करार कायद्यापुढं टिकत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर, रद्द करता येते. निर्वाह भत्ता मागता येतो. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज मंचरला प्रांत कार्यालयात द्यायचा. जे सही घ्यायला डॉक्टर घरी आणतात, त्यांनी तोच डॉक्टर तपासायला का आणला नाही?

सरकारबद्दल थोडक्यात. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, चांगलं आहे, काढून घ्या. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर चालतं, आणि हा आजार काढायचा असतो घरात. आयसीएमआरनं स्मृतिभ्रंशाच्या चाचण्यांचा संच आधी पाच भारतीय भाषांत केला, त्यात मराठी नव्हती. केरळ सरकारनं स्मृतिभ्रंशासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला त्याला दहाहून अधिक वर्षं झाली. आपण कशाची वाट बघतोय?

आता करायचं काय ते. उशीर झालाय, भरभर वाचा.

आशाताई आल्या की खरं उत्तर द्या. सहा महिन्यांत काय बदललं ते वहीत लिहून ठेवा. पैशाचा हिशेब चुकतो का, तीच गोष्ट तासात चारदा विचारतात का, ओळखीच्या वाटेवर चुकतात का, आमटीत मीठ दोनदा पडतं का, कपडे उलटे घालतात का. डॉक्टरांना ही वही दाखवा, सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर तेही. न शिकलेल्या आजीला तारीख आणि स्पेलिंग विचारून नापास करू देऊ नका. आठवडे बाजार कोणत्या वारी, पेरणी कोणत्या नक्षत्रावर, हे विचारायला सांगा. जुन्नर, नारायणगाव किंवा घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय इथून सुरुवात करा आणि ‘वय झालं’ ऐकून परत फिरू नका. रक्ताच्या तपासण्या आणि पुढची चिठ्ठी मागून घ्या. जाणं जमत नसेल तर १४४१६ वर टेली-मानसचे समुपदेशक मराठीत बोलतात. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

घरात आज रात्रीच कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात टाका, हे सगळ्यांत आधी. मग विळे-कोयते, मोटरचा स्टार्टर, गॅसचं बटण. मोरीत आणि वाटेत रात्रभर दिवा. हातात नाव आणि मोबाईल नंबर लिहिलेला पट्टा. उठणं, अंघोळ, जेवण रोज त्याच वेळी. वाद घालायचा नाही, विषय बदलायचा. ‘शांत बसण्याच्या’ गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, त्यांनी पडण्याचा, पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो. आजार वाढलेला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. स्मृतिभ्रंश त्यात बसतो, हे खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

आणि सांभाळणारीला सुट्टी. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाही आपण, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पहाटे तीनचा पहाराही कुणीतरी घेतोच. मग एका म्हातारीजवळ आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास बसायला वाडीत माणूस मिळत नाही हे आम्हाला पटत नाही. आमच्या गटातल्या बायका कुणाकडं देणगी न मागता हे करताहेत, स्वतःच्या घरी पेशंट असताना करताहेत. बचत गटांनी, भजनी मंडळांनी, डीजेवर लाख उधळणाऱ्या तरुण मंडळांनी आपापल्या वाडीतली नावं घ्यावीत आणि पाळ्या लावाव्यात.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं ठराव घ्यावा. गावातल्या सर्व ज्येष्ठांची स्मृती-तपासणी, बी-१२ व थायरॉईडसह. महिन्यातून एकदा तालुक्याच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाची ओपीडी. उघड्या विहिरींना कठडे. पाळ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो, त्याच्या आत तपासण्या सुरू झाल्या पाहिजेत. ठरावाच्या तीन प्रती करा. एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक प्रांतांना, एक आपल्याजवळ. पोच शिक्क्यासह घ्या. आणि तो व्हिडिओ अजून मोबाईलमध्ये असेल तर आत्ता काढून टाका.

– जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतल्या सांभाळणाऱ्या घरांच्या वतीने